एकावर सव्वीस शून्यं: एसबी १०४७ या नाकारलेल्या विधेयकाचं प्रकरण

२९ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एक विधेयक सही न करता परत पाठवलं. सोबतच्या पत्रातला मुख्य मुद्दा असा होता: हे विधेयक फक्त सर्वांत मोठ्या आणि महागड्या एआय मॉडेलांकडे बघतं. त्यामुळे लोकांना सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळेल, कारण लहान, एखाद्याच कामासाठी घडवलेली मॉडेलंही तितकीच किंवा त्याहून जास्त धोकादायक निघू शकतात. गंमत म्हणजे त्याआधीचे कित्येक महिने विरोधक नेमकं उलटं ओरडत होते. विधेयकाचा आवाका फार मोठा आहे, छोट्या कंपन्या त्यात भरडल्या जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. जाळं फार मोठं म्हणून ज्याच्यावर टीका झाली, ते विधेयक शेवटी जाळं फार लहान म्हणून नाकारलं गेलं.

राजकारणात असं चालायचंच, म्हणून हे सोडून देता येईल. पण कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाची एक चांगली सवय आहे. विधेयकाचा प्रत्येक मसुदा ते जपून ठेवतात आणि सर्वांना वाचायला देतात: वगळलेला मजकूर लाल रंगात खोडलेला, नवा मजकूर निळ्या तिरक्या अक्षरांत. फेब्रुवारी ते ऑगस्टचे मसुदे असे ओळीने लावून वाचले की एक गोष्ट उघड होते. लहान मॉडेलं ज्या पळवाटेने सुटणार होती, ती पळवाट मूळ मसुद्यात नव्हती. ती मागाहून पाडली गेली, तीही विरोधकांच्या तक्रारीवरून.

एआयवर नियमन हवं की नको, या वादापेक्षा मला ही पळवाट जास्त शिकवून गेली.

विधेयकात काय होतं

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातले सिनेटर स्कॉट वीनर हे सॅन फ्रान्सिस्कोचे. म्हणजे ज्या कंपन्यांना वेसण घालायची, त्यांतल्या काही त्यांच्याच शहरातल्या. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी एसबी १०४७ मांडलं. अपेक्षा मोजक्या होत्या. अवाढव्य मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने प्रशिक्षण सुरू करण्याआधी सुरक्षेचा आराखडा लिहून काढावा. गरज पडली तर मॉडेल पूर्ण बंद करता येईल अशी सोय ठेवावी. मॉडेलमुळे महाभयंकर हानी होऊ शकते का हे तपासावं, आणि तसा अवाजवी धोका दिसत असेल तर ते बाजारात आणू नये. सुरक्षेची काही घटना घडली तर ७२ तासांत सरकारला कळवावं. २०२६ पासून दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून ऑडिट करून घ्यावं. आतली गडबड बाहेर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे जागल्याला, संरक्षण मिळावं. शिवाय संशोधकांसाठी ‘कॅलकम्प्यूट’ नावाची सार्वजनिक संगणन सुविधा उभारायची तरतूदही होती. तिच्याविषयी कुणीच भांडलं नाही, म्हणून तिची बातमीही झाली नाही.

महाभयंकर हानी म्हणजे काय, हेही लिहिलेलं होतं. रासायनिक, जैविक किंवा अण्वस्त्रं बनवायला मदत होऊन मोठी जीवितहानी. वीज-पाण्यासारख्या पायाभूत यंत्रणांवर सायबर हल्ला होऊन मोठी जीवितहानी किंवा किमान ५० कोटी डॉलरचं नुकसान. आणि त्याच तोडीचं बाकी काही. डीपफेक, नोकऱ्या, कर्ज देतानाचा भेदभाव यांतलं काहीही या विधेयकात नव्हतं. सरकारची परवानगी घेऊन मगच मॉडेल बनवा, असंही ते म्हणत नव्हतं. विधेयक न वाचता ‘लायसन्स राज’ म्हणणारे त्या वर्षी बरेच निघाले, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

यातल्या बऱ्याच गोष्टी कंपन्यांनी आपणहून कबूल केल्या होत्या. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७ कंपन्यांनी व्हाइट हाउसला चाचण्यांची वचनं दिली. मे २०२४ मध्ये सोल इथल्या परिषदेत १६ कंपन्यांनी सुरक्षेचे आराखडे प्रसिद्ध करायचं मान्य केलं. वीनर हेच पुन्हा पुन्हा सांगत होते: तुम्ही जे कराल म्हणता, तेवढंच आम्ही कायद्यात लिहितोय. मग विरोध कशाला? याचं खरं उत्तर कुणी मोठ्याने दिलं नाही. वचन मोडलं तर वर्तमानपत्रात चार ओळी येतात. कायदा मोडला तर दावा लागतो.

सव्वीस शून्यांचा हिशोब

कोणतं मॉडेल या कायद्याच्या कक्षेत येणार? ज्याच्या प्रशिक्षणाला १० चा २६ वा घात, म्हणजे एकावर सव्वीस शून्यं, इतक्या आकडेमोडींहून जास्त लागल्या, ते. हा आकडा वीनर यांचा नव्हता. ३० ऑक्टोबर २०२३ च्या राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या एआयविषयक आदेशातून तो उचलला होता. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात अशीच रेषा आहे, पण एक शून्य कमी: १० चा २५ वा घात.

आकडा इतका मोठा असला की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून थोडा भागाकार करू. एच१०० ही त्या काळातली तगडी चिप. कागदावर तिचा वेग सेकंदाला साधारण १० चा १५ वा घात आकडेमोडी. मोठ्या प्रशिक्षणात त्यातला ४० टक्के वेग पदरात पडला तरी चांगलं, असं धरू. म्हणजे सेकंदाला ४ गुणिले १० चा १४ वा घात. एकावर सव्वीस शून्यांना याने भागलं की सुमारे ७ कोटी चिप-तास येतात. २५,००० चिप्स रात्रंदिवस चालवल्या तरी जवळपास चार महिने. तासाला एका चिपचे २ डॉलर धरले तर खर्च १४ कोटी डॉलरच्या घरात. गॅरेजमध्ये बसून कुणी चुकून ही रेषा ओलांडणार नाही. मेटाचं लामा ३.१ हे जुलै २०२४ मध्ये आलेलं ४०५ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे प्रशिक्षणात ठरणाऱ्या आतल्या आकड्यांचं) मॉडेल तेव्हाच्या सर्वांत मोठ्या खुल्या मॉडेलांतलं. मेटाने त्याचा आकडा ३.८ गुणिले १० चा २५ वा घात असा दिला होता. म्हणजे तेही रेषेच्या निम्म्याच्या आतच.

आता पळवाटीकडे येऊ. मूळ मसुद्यात या आकड्याला एक शेपूट होतं. २०२४ मध्ये इतक्या आकडेमोडींनी बनलेल्या मॉडेलच्या तोडीची कामगिरी ज्या मॉडेलकडून अपेक्षित आहे तेही कक्षेत, मग त्याला प्रत्यक्षात कितीही कमी आकडेमोड लागलेली असो. यामागचा विचार सरळ होता. आज जे करायला चार महिने लागतात ते उद्या चांगल्या पद्धतींनी चार आठवड्यांत होईल. धोका क्षमतेत आहे, विजेच्या बिलात नाही.

स्टार्टअपवाल्यांनी या शेपटावर बोट ठेवलं, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. आपलं मॉडेल ‘तोडीचं’ निघणार की नाही, हे प्रशिक्षणाआधी छातीठोकपणे कोण सांगणार? कोणत्या चाचणीवर तोलायचं? शिवाय तंत्र सुधारत गेलं की काही वर्षांत साध्यासुध्या कंपन्यांची मॉडेलंही २०२४ च्या राक्षसांच्या तोडीची होणार, आणि सगळेच कक्षेत येणार. ही टीका वीनर यांनी मानली. शेपूट कापलं गेलं आणि जागी आली पैशाची अट: आकडेमोड तर हवीच, शिवाय प्रशिक्षणाचा खर्च १० कोटी डॉलरहून जास्त हवा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच कायदा लागू.

मला ही दुरुस्ती योग्य वाटते. पण तिची किंमत कुणी लपवली नव्हती. लहानांना वाचवायचं ठरवलं की लहान सुटणारच.

कोण कुठे उभं होतं

संगणकशास्त्रातला २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार तिघांना विभागून मिळाला होता: जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ, यान लकून. आजच्या एआयचा पाया घालणारे म्हणून या तिघांची नावं एका दमात घेतली जातात. एसबी १०४७ वर हिंटन आणि बेंजिओ बाजूने उभे राहिले, लकून विरोधात. ते तेव्हा मेटाचे मुख्य एआय शास्त्रज्ञ होते. ‘तज्ज्ञांना विचारा’ म्हणणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. तिघांनाही गणित सारखंच येतं. फरक होता तो न घडलेल्या संकटाला किती वजन द्यायचं याचा, आणि त्याचं उत्तर कुठल्याच समीकरणात नाही.

बाकीची फळीही अशीच विस्कटलेली. स्टॅनफर्डचे एआय संशोधक फे-फे ली आणि अँड्र्यू एन्ग विरोधात. गूगल, मेटा आणि ओपनएआय विरोधात. अँथ्रोपिक या एआय कंपनीने जुलैत दुरुस्त्या मागितल्या, त्यांतल्या बऱ्याच झाल्यावर ऑगस्टमध्ये पत्र लिहून कळवलं की आता फायदे तोट्यांपेक्षा बहुधा जास्त आहेत. इलॉन मस्क यांची स्वतःची एआय कंपनी असूनही ऑगस्टअखेर त्यांनी पाठिंबा दिला. हॉलिवूडच्या कलाकारांची संघटनाही बाजूने. वीनर डेमोक्रॅट, आणि विरोधात पत्रक काढणाऱ्या, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती नॅन्सी पेलोसीही डेमोक्रॅट, त्याही सॅन फ्रान्सिस्कोच्या. पक्षाच्या चष्म्यातून या वादाकडे पाहिलं तर काहीच दिसत नाही.

ओपनएआयने विरोधाचं पत्र लिहिलं, त्यातला मुख्य आक्षेप होता, की हे काम राज्याचं नसून केंद्राचं आहे. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे कुणालाच नकोत. पण वॉशिंग्टनमध्ये तेव्हा असा कोणताही कायदा मार्गावर नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. न येणाऱ्या गाडीची वाट पाहा म्हणणं आणि चालत जाऊ नका म्हणणं, यांत फारसं अंतर नाही.

खरा तिढा होता खुल्या मॉडेलांचा. तिथे दोन्ही बाजूंचं म्हणणं निम्मं-निम्मं पटतं.

मॉडेल खुलं करायचं म्हणजे त्याचे आतले आकडे, ज्यांना वेट्स म्हणतात, कुणालाही उतरवून घेऊ द्यायचे. एकदा ते बाहेर गेले की धनुष्यातून सुटलेला बाण. परत बोलावता येत नाही, बंद करता येत नाही, कोण त्याचं काय करतं ते बघताही येत नाही. आता त्याच्यापुढे विधेयकातली ‘पूर्ण बंद करण्याची सोय’ ठेवा. हजारो लोकांच्या संगणकांवर उतरलेलं मॉडेल मूळ कंपनी बंद कशी करणार? आणि तिसऱ्याच कुणी त्यावर आपलं प्रशिक्षण चढवून काही भयंकर केलं, तर जबाबदार कोण? एन्ग यांचा युक्तिवाद असा की तंत्रज्ञान आणि त्याचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विजेची मोटर अनेक यंत्रांत बसते, काही जीव वाचवणारी, काही जीव घेणारी; त्यासाठी मोटर बनवणाऱ्याला धरायचं नसतं.

दुरुस्त्यांमध्ये याची डागडुजी झाली. बंद करण्याची जबाबदारी फक्त कंपनीच्या ताब्यातल्या प्रतींपुरती ठेवली. कुणी १ कोटी डॉलरहून जास्त खर्चून मॉडेल पुन्हा घडवलं तर ते त्या नव्या माणसाचं मॉडेल मानायचं ठरलं. पण मूळ प्रश्न सुटला नाही. मॉडेल खुलं करण्याआधी त्याची चाचणी घ्यायची, तर ‘लोक सुरक्षेची कुंपणं उपटून टाकतील’ हे धरूनच घ्यावी लागते. आणि तसं धरलं की सर्वांत ताकदीचं मॉडेल खुलं करणं हे बंद ठेवण्यापेक्षा नेहमीच जास्त धोक्याचं दिसणार. विधेयक खुल्या आणि बंद मॉडेलांना सारखंच वागवतं, असं समर्थक म्हणायचे. शब्दांत ते खरं होतं, परिणामात नव्हतं. ते मोकळेपणी मान्य केलं असतं तर विश्वास जास्त मिळाला असता, असं मला वाटतं.

दुसऱ्या बाजूने अफवांचंही पीक आलं. कंपनीने सुरक्षेविषयी जे लिहून द्यायचं ते ‘खोटं निघाल्यास शपथभंगाची शिक्षा’ या अटीवर द्यायचं होतं. त्यावरून ‘कोड लिहिणारे तुरुंगात जाणार’ अशी हाकाटी झाली. शपथभंगासाठी जाणूनबुजून खोटं बोलावं लागतं. अंदाज चुकला म्हणून कुणी आत जात नाही. वीनर यांनी जुलैत आघाडीच्या गुंतवणूकदार संस्थांना पत्र लिहून हे खोडून काढलं. तरी साप म्हणून भुई धोपटणं चालूच राहिलं, आणि ऑगस्टमध्ये ते कलम काढून टाकावं लागलं.

एक शब्द बदलला

१५ ऑगस्टच्या दुरुस्त्यांमध्ये बातम्यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता: नवं नियामक कार्यालय रद्द झालं, मंडळ मात्र राहिलं, पाचांऐवजी नऊ जणांचं. माझ्या मते त्याहून मोठा बदल एका शब्दाचा होता. आधी कंपनीने ‘वाजवी खात्री’ द्यायची होती की मॉडेलमुळे महाभयंकर हानी होणार नाही. आता तिने ‘वाजवी काळजी’ घ्यायची होती.

खात्री आणि काळजी यांत काय अंतर आहे? खात्री परिणामाविषयी असते. ‘होणार नाही’ असं म्हणायचं, आणि झालं तर म्हणणारा चुकलेला असतो. काळजी वागण्याविषयी असते. होऊ नये म्हणून शहाण्या माणसाने जे करायला हवं ते केलं, एवढंच दाखवायचं. तरीही झालं, तर सुटका आहे. दुसरं असं की काळजी घेण्याचं कर्तव्य नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्यात आधीपासूनच आहे. निष्काळजीपणाने कुणाचं नुकसान झालं की दावा होतोच, त्यासाठी नवं विधेयक लागत नाही.

त्यातच ॲटर्नी जनरलचे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाचे, हात आवळले गेले. आधीच्या मसुद्यात सुरक्षेचे नियम पाळले नाहीत एवढ्यावर तो दंडासाठी कोर्टात जाऊ शकत होता. आता हानी झालेली असावी किंवा ती अगदी उंबरठ्यावर आलेली असावी, ही अट आली. बैल गेला आणि झोपा केला. जी हानी टाळायची, तिची व्याख्याच मोठी जीवितहानी किंवा ५० कोटी डॉलर अशी असताना, तिच्यानंतर चालणारा खटला कुणाला काय परत देणार?

मग विधेयकात उरलं काय? कागद उरला, आणि तो कमी नव्हता. कंपनीने सुरक्षेचा आराखडा लिहायचा, प्रसिद्ध करायचा, ऑडिटरने तो ताडून अहवाल द्यायचा, आतल्या कर्मचाऱ्याने गडबड दिसली तर न घाबरता सांगायचं. उद्या काही घडलं तर न्यायाधीशासमोर पहिला प्रश्न येणार: तुम्ही स्वतःच लिहिलं होतं, ते केलंत का? आपल्याच हस्ताक्षरातल्या पुराव्यासारखा अडचणीचा पुरावा नसतो. उरलेल्या मसुद्याचा दात तिथे होता. आणि दंडही चिल्लर नव्हता: पहिल्या वेळी प्रशिक्षणाला लागलेल्या संगणनाच्या खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, पुढच्या वेळी ३० टक्क्यांपर्यंत.

सप्टेंबर

मे महिन्यात राज्याच्या सिनेटने विधेयक ३२ विरुद्ध १ असं मंजूर केलं होतं. ऑगस्टअखेर असेंब्ली या दुसऱ्या सभागृहातही ते मोठ्या बहुमताने पार पडलं आणि दुरुस्त्यांवर सिनेटचं शिक्कामोर्तब झालं. मग चेंडू न्यूसम यांच्याकडे, ३० सप्टेंबरपर्यंत.

या मधल्या महिन्यात, १२ सप्टेंबरला, ओपनएआयने ओ१ मालिकेतलं पहिलं मॉडेल आणलं. ते उत्तर देण्याआधी बराच वेळ ‘विचार’ करतं, आणि जितका जास्त वेळ द्यावा तितकं अवघड गणित सोडवतं. म्हणजे क्षमता केवळ प्रशिक्षणाच्या आकडेमोडीतून येत नाही, वापरतानाच्या आकडेमोडीतूनही येते. एकावर सव्वीस शून्यं ही रेषा प्रशिक्षण मोजत होती. विधेयक सहीसाठी टेबलावर असतानाच त्याच्या मोजपट्टीला तडा गेला. पाच दिवसांनी न्यूसम एका उद्योगपरिषदेत जाहीरपणे म्हणाले की या विधेयकाने, विशेषतः खुल्या मॉडेलांच्या जगावर, गारठा पसरेल अशी त्यांना काळजी वाटते. निकाल तेव्हाच कळला होता.

नकाराच्या पत्रात दुसराही मुद्दा होता. मॉडेल कुठे वापरलं जातंय, महत्त्वाचे निर्णय त्यावर ठरतात का, संवेदनशील माहिती त्यात जाते का, हे विधेयक बघतच नाही. जगातल्या आघाडीच्या ५० एआय कंपन्यांपैकी ३२ कॅलिफोर्नियात आहेत, ही आठवणही त्यात होती. हा शेवटचा आकडा पत्रात उगाच येत नाही.

वापराचा मुद्दा स्वतंत्रपणे बरोबर आहे. कर्ज कुणाला द्यायचं, नोकरीच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवणारी प्रणाली अगदी लहान असू शकते आणि हजारोंचं वाटोळं करू शकते. कोलोरॅडो राज्याने मे २०२४ मध्ये नेमका असा, वापरावर बेतलेला कायदा केला. पण तो वेगळ्या दुखण्याचा इलाज आहे. रोजच्या अन्यायासाठी वापर तपासावा लागतो. क्वचित घडणाऱ्या महासंकटासाठी मॉडेल तपासावं लागतं, कारण जैविक अस्त्र बनवणारा ‘वापरकर्ता’ परवाना मागायला येत नाही. एकाचं औषध दुसऱ्यावर लावायचं म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. युरोपच्या कायद्यात दोन्ही आहेत, वापरानुसार धोक्याच्या पायऱ्याही आणि मोठ्या मॉडेलांसाठी आकडेमोडीची रेषाही. एक नसल्याचं कारण देऊन दुसरं नाकारायची गरज तिथे पडली नाही.

न्यूसम यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. चारच महिन्यांत, जानेवारी २०२५ मध्ये, चीनच्या डीपसीकचं आर१ आलं आणि सगळीकडे खळबळ उडाली. ते ज्यावर उभं होतं त्या व्ही३ मॉडेलच्या अंतिम प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने सुमारे ५६ लाख डॉलर सांगितला. आधीच्या प्रयोगांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. त्याचे सक्रिय पॅरामीटर ३७ अब्ज, वाचलेला मजकूर १४.८ लाख कोटी टोकन (शब्दांचे तुकडे); या दोघांचा गुणाकार करून सहाने गुणायचं हा रूढ ठोकताळा लावला तर आकडेमोड येते ३.३ गुणिले १० चा २४ वा घात. म्हणजे एसबी १०४७ च्या रेषेच्या तिसाव्या हिश्शाइतकी. जाळ्याचा एक धागाही त्याला लागला नसता. लहान मॉडेलांविषयीचं न्यूसम यांचं भाकीत खरं ठरलं.

पण मग मूळ मसुद्यातलं ते कापलेलं शेपूट आठवा. ‘तोडीची कामगिरी’ हे शब्द राहिले असते तर असं मॉडेल कदाचित कक्षेत आलं असतं. ते शब्द अस्पष्ट म्हणून काढायला लावले, आणि ते नाहीत म्हणून विधेयक अपुरं ठरलं. दोन्ही आक्षेप एकाच माणसाने घेतले नाहीत, हे मान्य. तरी विधेयकाच्या पदरी पडलं ते एकच.

माझ्या वाचनात आकडेमोडीच्या रेषेविषयी सगळ्यांचा एक गैरसमज होता, समर्थकांचाही. ती धोक्याची मोजपट्टी म्हणून भांडली गेली. धोका मोजायला ती वाईटच आहे. ओझं कुणाला पेलेल हे मोजायला मात्र ती बरी आहे. ज्याने १० कोटी डॉलर चिप्सवर घातले, त्याला आराखडा लिहायला चार माणसं आणि ऑडिटर परवडतो. पाच जणांच्या कंपनीला परवडत नाही. एवढंच साधं कारण सांगितलं असतं तर ‘लहान मॉडेलं धोकादायक नाहीत का?’ या प्रश्नाला उत्तर होतं: असतील, पण त्यांच्यासाठी वेगळी तजवीज लागेल.

बरोबर एक वर्षाने

नकारानंतर न्यूसम यांनी एक अभ्यासगट बसवला. त्यात फे-फे ली होत्या, ज्यांनी विधेयकाला विरोध केला होता; सोबत जेनिफर टूर चेयस आणि मारिआनो-फ्लोरेंटिनो क्वेयार. त्यांचा अंतिम अहवाल जून २०२५ मध्ये आला. भर पारदर्शकतेवर, घटना कळवण्यावर, जागल्यांच्या संरक्षणावर, आणि ‘विश्वास ठेवा पण पडताळा’ या सूत्रावर. एसबी १०४७ मधला कागदाचा भाग विरोधकांच्याच सहीने परत आला होता.

त्यावर वीनर यांनी एसबी ५३ रेटलं आणि न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नकाराच्या तारखेलाच, त्यावर सही केली. मोठ्या कंपन्यांनी सुरक्षेची चौकट प्रसिद्ध करायची. गंभीर घटना राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला १५ दिवसांत कळवायची. जिवावर बेतणारा तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. जागल्यांना संरक्षण. कॅलकम्प्यूटही आहे. बंद करण्याची सोय, बाहेरच्या ऑडिटची सक्ती आणि हानीबद्दल खटला भरण्याची नवी तरतूद या तिन्ही गोष्टी गळाल्या. दंड एका उल्लंघनाला जास्तीत जास्त १० लाख डॉलर. जुन्या विधेयकाच्या रेषेवर जेमतेम बसणाऱ्या मॉडेललाही पहिल्या चुकीला १ कोटी डॉलरपर्यंत दंड बसू शकला असता. म्हणजे दात दहापट बोथट.

बदललेली एक गोष्ट मात्र मला आवडली. ‘मोठी कंपनी’ कुणाला म्हणायचं, याला आता वार्षिक उत्पन्नाची अट आहे: ५० कोटी डॉलरहून जास्त. ओझं कुणाला पेलतं हे विचारणारी, ढोंग न करणारी मोजपट्टी.

दरम्यान केंद्राकडेही हालचाल झाली, पण ओपनएआयच्या पत्राने सुचवलेल्या दिशेने नव्हे. राज्यांना १० वर्षं एआयचे कायदे करण्यापासून रोखणारी तरतूद संसदेत आली आणि १ जुलै २०२५ रोजी अमेरिकी सिनेटने ती ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी राज्यांच्या अशा कायद्यांना कोर्टात आव्हान देण्यासाठी न्याय खात्यात कृतिगट नेमायचा आदेश काढला. गाडी आली, ती रस्ता अडवायला.

एसबी ५३ मध्ये एकावर सव्वीस शून्यं अजूनही तशीच आहेत. फरक इतकाच की १ जानेवारी २०२७ पर्यंत आणि पुढे दरवर्षी, राज्याच्या तंत्रज्ञान खात्याने या व्याख्या पुन्हा तपासायच्या आहेत आणि त्या बदलाव्यात का, कशा, हे विधिमंडळाला कळवायचं आहे.